मामांची जर्मन शिकवणी

जगात परकी भाषा म्हणून काही नसतेच, असतो तो फक्त लाजरा माणूस, असं छातीठोकपणे सांगणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मी जामसंड्याच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली मुलं कर्तरी-कर्मणी प्रयोग झोपेतसुद्धा उलटेसुलटे करतील, पण रस्त्यात एखाद्या गोऱ्या पाहुण्याने किल्ल्याची वाट विचारली की समोरच्या दुकानात शिरतात. खोटं कशाला बोला, मीही शिरतो. आणि मामा? शाळेत असताना दोनदा इंग्रजीत आपटलेले हे मामा पोर्तुगीज बोलतात, फ्रेंच बोलतात, इटालियन, स्पॅनिश आणि जर्मन बोलतात. कसं बोलतात ते पुढे येईलच, पण बोलतात. मी एकदा त्यांच्या फ्रेंचमधल्या क्रियापदाविषयी शंका काढली, तर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "जावयबापू, तुमी शिकयतास, मी बोलतंय. फरक इतकोच." त्यानंतर मी शंका काढणं बंद केलं.

मामा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं त्यांनी मालवण–पणजी आणि देवगड–बेळगाव या गाड्यांवर घंटी मारली, आणि त्यांचं सगळं भाषाशिक्षण दोन थांब्यांच्या मधल्या वेळेत झालं. पणजीच्या गाडीत गोव्याच्या म्हाताऱ्या बायका पोर्तुगीजमधून एकमेकींची उणीदुणी काढायच्या, ती ऐकून ऐकून मामांना पोर्तुगीज आलं. "अर्धी भाषा तर घरातच होती," ते सांगतात. "पाव तेंचो, बटाटो तेंचो, चावी तेंची, साबण तेंचो, पगारसुद्धा तेंचोच. उरला काय मगे?" पुढे पाठीवर गाठोडी मारलेले फ्रेंच आणि इटालियन पर्यटक गाडीत येऊ लागले, तसे तेही मामांच्या तावडीत सापडले. शिकण्याची रीत ठरलेली. गाडीत लागतं तेवढंच शिकायचं. कुठे उतरणार, जेवलात का, घाबरू नका, दांडा धरा, पिशवी विसरलात. "बाकीची भाषा टपार चढवायची," असं त्यांचं म्हणणं. सुटा शब्द पाठ करण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. "एकटो शब्द म्हणजे बिनतिकीट प्रवासी. तपासणी इली की पयलो तोच उतारता." मी माझ्या वर्गात मुलांना रोज दहा शब्द पाठ करायला देतो, हे त्यांना माझ्या बायकोने सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

कुठली भाषा किती येते हे मोजायची त्यांची पट्टीही एसटीचीच. "मामा, फ्रेंच कितपत?" विचारलं की म्हणतात, "कसालपर्यंत." म्हणजे मालवणहून निघून कसालपर्यंत फ्रेंचमध्ये आरामात जाता येतं, पुढे गाडी बदलावी लागते. पोर्तुगीज थेट पणजी. स्पॅनिश त्याच तिकिटावर. इटालियन मात्र मालवण सुटतं न सुटतं तोच चौक्याला पंक्चर झालं ते झालंच. आणि जर्मन म्हणजे आंबोलीचा घाट. वळणामागून वळण, समोर धुकं, आणि पुढची गाडी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. टेबल पुल्लिंगी का आणि दिवा स्त्रीलिंगी का, हे विचारायची सोय नाही. पण एके दिवशी त्यांना कळलं की जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते, आणि मामा आनंदाने उडालेच. कारण मालवणीतही चेडू म्हणजे मुलगी 'ती' नसते, 'ता' असते. "आमचा चेडू 'ता', तेंचा चेडूव 'ता'! ही भाशा आमचीच, मधी कोणीतरी पळवून नेली." त्यातून दुपारी एकमेकांना भेटले की जर्मन लोक 'माल्त्साइट' म्हणतात, म्हणजे सरळ 'जेवणाची वेळ' असंच म्हणतात, हे कळल्यावर तर मामांनी त्या देशाला आपल्या घरच्यात जमा करून टाकलं. 'मला काही फरक पडत नाही' याला जर्मन लोक 'माझ्या लेखी सॉसेज' म्हणतात आणि काहीच समजलं नाही तर 'मला फक्त रेल्वे स्टेशन समजलं' म्हणतात. हे दुसरं वाक्य मामांनी इतकं उचललं की ग्रामसभेत सरपंच बोलून खाली बसले की हे मागून म्हणायचे, "माका फकत वैभववाडी स्टेशन समाजला."

आणि या माणसाने भाषा स्वतःपुरती ठेवली असती तर गोष्ट वेगळी. आचऱ्याच्या वाटेवर त्यांची वाडी आहे, तिथे नारळ पाडायला येणाऱ्या गड्याला त्यांनी पढवून ठेवलं की वरून नारळ टाकण्याआधी 'आख्टुंग!' म्हणजे 'सांभाळा!' असं जर्मनमध्ये ओरडायचं. त्याच्या तोंडात तो शब्द इतका बसला की सगळी वाडी आख्टुंग ऐकलं की बाजूला उडी मारायला शिकली. कोंबड्यासुद्धा. मग एका सकाळी पाणंदीतून एक उंच गोरा माणूस कॅमेरा घेऊन चालला होता. वरून गड्याने आरोळी दिली. त्या माणसाने अशी उडी मारली की तो थेट निवडुंगाच्या कुंपणात. आणि जिथे तो क्षणापूर्वी उभा होता तिथे नारळांची अख्खी पेंड कोसळली. काटे काढता काढता तो वर बघत राहिला, की या माडावर माझ्या देशाचा कोण बसलाय! मामांनी त्याला घरी नेऊन सोलकढी पाजली, दुपारपर्यंत ठेवून घेतला, आणि जाताना त्याच्याकडून जर्मनमधल्या सतरा शिव्या वहीत उतरवून घेतल्या. मी म्हटलं, शिव्या कशाला? "जावयबापू, चांगला बोलूक कोणव शिकयता. वाईट बोलूक शिकवणारो भेटणा नाय."

एवढा सगळा पसारा हौसेचा होता. पण दोन वर्षांपूर्वी तो हौसेचा राहिला नाही. मामी जाऊन सात वर्षं झाली होती आणि घरात मामा आणि त्यांची एकुलती एक मुलगी वैजू, अशी दोनच माणसं. वैजू कुडाळच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. कामाला वाघीण, पण पगार वाघिणीच्या खाण्याइतकाही नव्हता. तिला जर्मनीतल्या एका इस्पितळाने नोकरी देऊ केली, अट एवढीच की तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हायची. वैजू रजा काढून पुण्यात राहून शिकली. लिहिण्यात पास, वाचण्यात पास, ऐकण्यात पास, आणि बोलण्यात नापास. इस्पितळाने कळवलं की तीन महिने थांबतो, तेवढ्यात बोलण्याचा भाग सुटला तर या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. वैजू घरी आली आणि दोन दिवस तोंड भिंतीकडे करून झोपून राहिली. तिच्या शिक्षणापायी मामांनी घराचं छप्परही बदललं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी तिथे होतो म्हणून सांगतो. मामांनी तिला उठवलं, खळ्यात म्हणजे अंगणात पाटावर बसवलं आणि म्हणाले, "परीक्षेत बोललंस तसा बोलान दाखय." वैजू ताठ बसली, हात मांडीवर घेतले, आणि खाली बघत चार जर्मन वाक्यं म्हणाली. मला तर ती बिनचूक वाटली. मामांनी डोक्याला हात लावला. "गो, ह्या तू तहसीलदारासमोर बोलतंस तसा बोललंस!"

आता हे ज्याला कळेल त्यालाच कळेल. आम्ही मालवणी माणसं घरच्या पडवीत समोरच्याला बोलून बोलून सोलून काढू, पण कचेरीचा उंबरा ओलांडला की आमच्या जिभेला इस्त्रीचा सदरा चढतो. 'साहेब, माझा अर्ज होता,' एवढं शुद्ध मराठी बोललं की पुढचं वाक्यच सुचत नाही, आणि साहेब नाही म्हणाले की मान हलवून घरी येतो. घरी आल्यावर मग साहेबाच्या सात पिढ्या. वैजूने जर्मन नेमकं त्या कचेरीच्या मराठीच्या खणात ठेवलं होतं. परीक्षेत दोघा उमेदवारांना एक विषय देतात आणि वाद घालायला सांगतात. समोरचा जे म्हणेल त्याला ही पोर 'हो, बरोबर' म्हणून गप्प! मामा म्हणाले, "तुजा जर्मन हापिसात बसला हा. तेका उचलून खळ्यात हाडूक व्हया."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिला नियम, घरात शुद्ध मराठी बंद. वैजूने बोलायचं ते मालवणीत नाहीतर जर्मनमध्ये, मधला थांबा नाही. त्या नियमात मीही आलो, आणि व्याकरणशुद्ध बोलण्याची बावीस वर्षांची सवय असलेला मी पाहुणा म्हणून गेलेल्या घरात मुका झालो. शेजारची मासे विकणारी काकी संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन यायची, तिला श्रोता नेमलं. देवापुढच्या गाऱ्हाण्याला गाव जसा 'होय म्हाराजा' म्हणतो, तसं वैजूच्या प्रत्येक वाक्याला काकीने 'गेनाऊ!' म्हणायचं, म्हणजे 'अगदी बरोबर!' काकीला एक अक्षर कळत नव्हतं, पण वैजूचा आवाज पडला की ती गेनाऊ म्हणायची थांबायची आणि तोंड वाकडं करायची. तिच्याइतका कडक परीक्षक पुण्यातसुद्धा नसेल.

आणि मी? मला दर रविवारी शत्रू केलं. मी शेजारी, हद्दीवरचा माड माझा असं म्हणणारा. माझी जर्मन वाक्यं मामांनी मोठ्या अक्षरात देवनागरीत लिहून दिली होती. मी वाचायचो, "हा माड तुमचा नाही." कोणी 'नाही' म्हटलं की ते तिथल्या तिथे उलटवून 'आहेच मुळी!' म्हणायला जर्मन लोकांनी एक अख्खा शब्द राखून ठेवलाय, 'डॉख!' मामांचा तर तो लाडका शब्द. "जेंच्याकडे भांडणाक वेगळो शब्द आसा, ते लोक आमचे सोयरे." पण वैजू पहिल्या दिवशी तो शब्द असा पुटपुटली, जणू वर्गात पेन मागतेय. "गेलो! हद्दीचो माड गेलो तुजो!" मामा ओरडले. "आजोबान लावलेलो माड जावयान खाल्लो आणि तू बघीत रवलंस!" काकीने तोंड फिरवलं. तीन रविवार माड माझाच राहिला. चौथ्या रविवारी वैजू पाटावरून उठली, कमरेवर हात ठेवला आणि अशी काही 'डॉख!' म्हणाली की परसातला कावळा उडाला. मग ती थांबेचना. माड कोणी लावला, पाणी कोणी घातलं, माझ्या बापाने मागच्या वर्षी कसे चोरून नारळ नेले, सगळं जर्मनमध्ये! देवाशपथ सांगतो, ज्या माडाशी माझा काडीचा संबंध नाही त्या माडासाठी माझा जीव जळायला लागला. कागद बाजूला टाकून मी मालवणीत भांडायला लागलो, ती जर्मनमध्ये भांडत राहिली, आणि काकी दोघांनाही गेनाऊ म्हणत राहिली. पडवीच्या खांबाला टेकून मामा पोरीकडे बघत होते, आणि मला त्या वेळी वाटलं की मानलं बुवा, हा माणूस आपलं घर आपल्याच हाताने रिकामं करतोय आणि मन लावून करतोय.

हे मला वाटलं तसं वाडीतही लोकांना वाटत होतंच. काकीनेच एकदा तोंडावर विचारलं, "चेडू गेला काय मगे तुमका पेज कोण देतला?" मामा म्हणाले, "माका हात नाय काय? आणि पेज काय जर्मनीतसून येतली?" काकी हसली नाही. मामाच एकटे हसले.

परीक्षेला पुण्याला आम्ही तिघे गेलो. वैजू आत गेली आणि मामा बाहेरच्या पायरीवर दोन्ही हातांचे अंगठे मुठीत दाबून बसले. कोणाचं भलं चिंतायचं असेल तर जर्मन लोक असे अंगठे दाबतात म्हणे. मी चहा आणला तर म्हणाले, "नको. मूठ उघडूची लागतली." चहा गार झाला. वैजू बाहेर आली ती रडतच. मामांनी मुठी तशाच ठेवून विचारलं, "काय झाला गो?"

"विषय इलो," वैजू हुंदके देत म्हणाली, "म्हाताऱ्या आवशीबापसाक पोरांनी एकटा सोडून जावचा काय नाय. समोरची म्हणाली, सोडूक हरकत नाय, तेंची सोय करूची आणि जावचा. मी भांडलंय, बाबा. तू शिकयलंस तसाच भांडलंय. सोडूचा नाय म्हणान सांगितलंय. तिका बोलूकच दिलंय नाय."

मामांनी विचारलं, "जिकलंस?"

"जिकलंय."

"मगे बरा झाला. असलो वाद परीक्षेत जिकूचो. घराकडे हाडूचो नाय." आणि मग मुठी उघडून त्यांनी तो गार चहा एका दमात पिऊन टाकला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. बोलण्यात वैजू नुसती पास नाही, चांगल्या गुणांनी पास. वाडीत पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी वैजू बापासमोर येऊन बसली. "मी जावचंय नाय. परीक्षेत सांगितलंय ता खरा होता, बाबा." मी तिथेच होतो, कुठे बघावं मला कळेना. मामा म्हणाले, "खरा होता म्हणान तर पास झालंस. खोटा बोललं असतंस तर परत नापास." आणि उठून तिच्या बॅगेची चेन नीट लागते का ते बघायला आत गेले. निघायच्या दिवशी कणकवली स्टेशनवर मुंबईची गाडी आली तेव्हा त्यांनी पोरीला बत्तीस वर्षं सगळ्या उतारूंना सांगितलं तेच सांगितलं, हात बाहेर काढू नको, सामानावर लक्ष ठेव, उतरताना घाई करू नको. गाडी गेली. परतीच्या वाटेवर मी त्यांना जेवायला जामसंड्याला चला म्हटलं, तर म्हणाले, कोंबड्या डालायच्या आहेत.

याला आता सव्वा वर्ष झालं. वैजूचं तिथे चांगलं चाललंय. पहिल्या पहिल्यांदा मामा फोनवर तिच्याशी ऐटीत जर्मन बोलायचे, नवी नवी वाक्यं काढून दाखवायचे. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, दिवसभर त्याच आयकतंय. तू आपला मालवणी बोल." तेव्हापासून मामा तिच्याशी जर्मन बोललेले नाहीत. इतर भाषाही मागे पडल्या असाव्यात, कारण मागच्या मोसमात दोन फ्रेंच पोरी वाट विचारत दारात आल्या तर यांनी त्यांना हातानेच वाट दाखवली, असं काकी सांगत होती.

परवा सकाळी अकराच्या सुमारास मी वाडीवर गेलो. मामा पडवीत बसले होते, समोर फळीला टेकवून फोन ठेवलेला, आणि ते हळू आवाजात बोलत होते. आज बाजारात बांगडो बरो होतो, काकीन तीन देवन दोन परत घेतले, न्हाणयेचो पत्रो वाऱ्यान उडालो, तो मी परत घातलंय. मी पायरीवर चपला काढल्या तर त्यांनी बोट ओठांवर ठेवून मला थांबवलं. वाकून पाहिलं तर फोनमध्ये वैजू गाढ झोपलेली. रात्रपाळी करून आली होती, तिकडे नुकतंच उजाडलं होतं, अंगावरचे कामाचे कपडेही तिने बदलले नव्हते. मी खालच्या आवाजात म्हटलं, "मामा, झोपलीय ती. ठेवा आता."

त्यांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडे वळले. "तेच्या खोलयेत दुसरा कोण आसा बोलूक?" म्हणाले. मग हात काढून पुन्हा फोनकडे तोंड केलं, आणि शेजारच्या गाईला काल पहाटे वासरू झालं ती हकीकत त्यांनी अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.